कौसाबाईंचं शुद्धिपत्रक

एक कागद आहे, त्याबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही. नवऱ्याशी नाही, बहिणीशी नाही, कचेरीत वर्षानुवर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेल्या मैत्रिणीशीही नाही. मग तुम्हालाच का? खरं सांगू — मलाही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. जे ओळखतात त्यांच्यासमोर मी विषय बदलते.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी नाशिकहून रोज एसटीने तालुक्याच्या कचेरीत जायचे. माझ्याकडे निराधार योजनेचं टेबल होतं — विधवा, टाकलेल्या बायका, अपंग, म्हातारी माणसं. सरकारी भाषेत ते अर्थसाहाय्य. गावात सगळे त्याला ‘पगार’ म्हणत. आणि मी नियमांची पक्की. कुठलं परिपत्रक केव्हाचं, त्यात कितवी अट काय — तोंडपाठ. साहेब अडले की तेसुद्धा म्हणायचे, ताईंना विचारा. या ‘ताईंना विचारा’चा मला किती माज होता, ते तेव्हा कळत नव्हतं. म्हणजे — कळत होतं. आवडत होतं.

कौसाबाई सायखेड्याच्या. नवरा लवकर गेलेला. दुसऱ्यांच्या मळ्यात फुलं खुडायच्या, वेण्या करून विकायच्या. गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा अर्ज घेऊन आल्या, आणि त्यांचा पगार मीच मंजूर करून घेतला. तेव्हापासून कचेरीत आल्या की माझ्यासाठी शेवंतीची वेणी आणायच्या. मी नको म्हणायचे, मग घ्यायचे. मुलगा एकच, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे रोजंदारीवर. बायकामुलांना घेऊन तिकडेच राहायचा. कौसाबाई सायखेड्यात एका खोलीत एकट्या. त्यांना तसंच हवं होतं. म्हणायच्या, “पोरगा वाईट नाय, सूनबी वाईट नाय. पण चहापत्तीसाठी तिच्यापुढं हात पसरायचा नाय मला.” त्या पगारात चहापत्ती, मिश्री, खोलीचं भाडं, एवढंच भागायचं. पण ते भागत होतं.

मग नियम बदलला. परिपत्रक आलं — मुलगा एकवीस वर्षांचा झाला असेल तर विधवेला लाभ नाही. नवं काही आलं की तलाठ्यांच्या बैठकीत मी उभं राहून ते वाचायचं आणि समजावून सांगायचं, अशी आमच्याकडे रीत पडली होती. त्या दिवशीही वाचलं. निवृत्तीला आलेल्या एका तलाठी भाऊसाहेबांनी विचारलं, ज्यांना आधीपासून चालू आहे त्यांचं काय? कागदात त्याबद्दल अक्षर नव्हतं. जिल्ह्याला एक फोन करायचा, विचारून सांगते म्हणायचं — एवढंच काम होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “भाऊसाहेब, नियम सगळ्यांना सारखाच असतो. इतकी वर्षं नोकरी करून एवढंही कळलं नाही का?” सगळे हसले. भाऊसाहेब खाली बसले. आठवडाभरात याद्या आल्या, नावं कमी झाली. त्यात कौसाबाई होत्या.

इथवर चूक म्हणता येईल. इथवरचं मी केव्हाच कुणालातरी सांगितलं असतं.

चारेक महिन्यांनी शुद्धिपत्रक आलं. मूळ परिपत्रकात काही राहून गेलं की मागाहून दुरुस्ती येते, तो कागद. एकच परिच्छेद होता. ज्यांना आधीपासून मिळतं आहे त्यांचं बंद करू नये. बंद केलं असल्यास पूर्ववत सुरू करावं. टपाल साहेबांपुढून आलं होतं. त्यांनी न वाचताच कोपऱ्यात ‘ताई’ एवढं लिहून माझ्याकडे धाडलं होतं.

मी तो कागद फाडला नाही. फाडला असता तर तो गुन्हा झाला असता, आणि नियम मला माहीत होते. मी त्यावर आवक क्रमांक टाकला, तारखेचा शिक्का मारला, ‘ताई’च्या खाली माझी छोटी सही केली, आणि कायम आदेशांच्या जाडजूड फायलीत अगदी तळाशी लावून टाकला. कुणी तपासलं असतं तरी बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त कुणाला सांगितलं नाही. बैठकीत पुन्हा उभं राहून त्या भाऊसाहेबांसमोर ‘माझं चुकलं’ म्हणायचं — दोनच शब्द. पुढच्या बैठकीत सांगू, असं म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. मग इतके दिवस का दडवलं, हेही सांगावं लागलं असतं.

कौसाबाई येत राहिल्या. टेबलाला टेकून उभ्या राहायच्या, कारण बसलं की उठवत नसे. विचारायच्या, “ताई, बदलला का वो नियम?” आणि मी म्हणायचे, “नाही मावशी, अजून काही आलेलं नाही.” फाईल माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. हे वाक्य मी तीनदा बोलले. पहिल्यांदा आवाज कापला. तिसऱ्यांदा नाही कापला — हेच मला जास्त छळतं.

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, “खोली सोडली. जाते आता एकलहऱ्याला पोराकडं. तुमी लय खटपट केली माझ्यासाठी. सरकारच तसलं, त्याला तुमी काय करणार?” आणि पदराखालून वेणी काढून दिली. मी ती घेतली. केसांत माळली. संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात होती. एसटीत शेजारची बाई म्हणाली, छान आहे हो, कुठून घेतली? मी म्हणाले, एका ओळखीच्यांनी दिली.

त्यानंतर एकदाच दिसल्या, नाशिकरोडच्या बाजारात. सून बरोबर होती. कौसाबाईंनी दुकानातून मिश्रीची पुडी उचलली, सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, “आत्याबाई, परवाच तर आणली.” आवाज चढवून नाही, अगदी साधं बोलली. कौसाबाईंनी पुडी जिथून घेतली होती तिथं परत ठेवली आणि वर थोडी सारखी केली. मी पाच पावलांवर होते. मी केळ्यांच्या गाडीआड झाले. अर्धा डझन केळी घेतली, नको असताना.

काही वर्षांनी नियम पुन्हा बदलले. जुन्या, बंद झालेल्या सगळ्यांची फेरचौकशी करा, असा हुकूम आला. नवीन तलाठ्याची यादी आली. कौसाबाईंच्या नावापुढे लिहिलं होतं — मयत. माझं अक्षर चांगलं, म्हणून नोंदवहीत तो शब्द मीच उतरवला. कौसाबाईंबरोबर ज्यांची नावं कमी झाली होती, त्यांत आणखीही बायका होत्या. त्यांचे चेहरेसुद्धा मला आठवत नाहीत.

माझ्या निरोप समारंभात साहेब म्हणाले, ताईंचा नियम कधी चुकला नाही. टाळ्या झाल्या. हार घातला. हारात शेवंती होती. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मला भरून आलं.

तो कागद अजून त्या फायलीत असेल. कोपऱ्यात माझी सही आहे.

आता मी मुलाकडे राहते. माझं पेन्शन दर महिन्याला खात्यात जमा होतं, एकदाही चुकलेलं नाही. चहा मला माझ्या आवडीचाच लागतो, थोडा कडक. कोपऱ्यावरच्या दुकानात जाते, पुडा उचलते, पिशवीत टाकते आणि घरी येते. सुनेला विचारावं लागत नाही.