मामंजींचा खड्डा

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस मेला की जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि पुरतात. निपाणीच्या बाजूला आमच्या गावात जो तो आपापल्या शेतात पुरायचा. ज्याला शेत नाही त्यानं दारोदार जागा मागत फिरायचं. म्हणून पंचांनी सगळ्यांसाठी एकच जागा करायची ठरवलं. जागा माझ्या सासऱ्यांनी दिली आणि गावानं त्यांना हार घातला. तो आमचा खडकाळ माळ होता. तिथं तंबाखू सोडाच, कुसळही उगवत नव्हतं, हे हार घालणाऱ्यांना ठाऊक होतं.

मामंजींनी बेळगावच्या कॅम्पात गोऱ्यांचं स्मशान पाहिलं होतं. तसंच आपलं व्हावं म्हणून त्यांनी आधी फाटक बसवलं. कुंपण पुढं कधीच झालं नाही. तरी माणसं फाटकातूनच ये-जा करायची. मेंढरं कुठूनही शिरायची. मामंजी रोज संध्याकाळी फाटकाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचत.

मग ते तापानं आडवे झाले. वैद्यानं मान हलवली. त्या कातळात खड्डा पाडायला वेळ लागणार, म्हणून माणसं पहारी घेऊन आधीच कामाला लागली. ठणठण आवाज आमच्या घरात येत होता. मामंजींनी डोळे उघडले.

"काय चाललंय गं?"

"तुमचा खड्डा पाडाय लागलेत." खोटं कशाला सांगू?

"कुठं?"

"फाटकाच्या उजव्या अंगाला."

"बरं," म्हणाले आणि पेज मागितली.

ते हिंडूफिरू लागले तरी खड्डा उघडाच. मठाचे स्वामी म्हणाले, असा खड्डा माणूस मागतो, नारळ टाकून बुजवा. मामंजी ऐकेनात. "माझ्या मापाचा हाय, ऱ्हाऊ दे." दुपारी त्यात उतरून बसायचे आणि घरी येऊन सांगायचे, लई गार लागतंय.

ऐन वैशाखात आमच्या बांधाला लागून शेत असलेला म्हातारा गेला. वीतभर बांधापायी तो आणि मामंजी उभ्या जन्मात एकमेकांशी धड बोलले नव्हते. त्याचा मुलगा आमच्या दारात आला.

"आप्पा, उन्हाचं मढं टिकायचं न्हाय. तुमचा खड्डा द्या, तुमाला दुसरा पाडून देतो."

"जित्तेपणी बांध खाल्ला, आता खड्डा बी खातोय व्हय?"

मामंजी तडक माळावर गेले, फाटकाला आतून कुलूप घातलं आणि खड्ड्यात जाऊन बसले.

प्रेत सजवून, बसवून, वाजतगाजत आणलं. दोन्ही अंगांना मोकळा माळ, तरी सगळी माणसं बंद फाटकासमोर उभी राहून किल्ली मागत होती. स्वामी घामाघूम झाले होते. सगळ्यांत शांत बसला होता तो मेलेला म्हातारा.

मला बोलावणं आलं. मी फाटकाला वळसा घालून आत गेले.

"मामंजी, येताय का वर?"

"न्हाय."

"मग जरा सरकून बसा. त्यास्नी तुमच्या शेजारीच बसवायला सांगते. दोघं मावताय."

"ह्याच्या शेजारी?"

"व्हय. गुडघ्याला गुडघा लावून."

त्यांनी हात वर केला. मी ओढून काढलं. मामंजी धूळ झटकत गेले आणि त्यांनीच फाटक उघडून दिलं.

मुलानं कबूल केल्याप्रमाणे दुसरा खड्डा पाडून दिला. तो मामंजींच्या मनास आला, तोवर आणखी कुणी तरी मेलं. तयार खड्डा समोर असताना प्रेत ताटकळत कोण ठेवणार? तोही गेला. मग मामंजींनी स्वतःच पहार घेतली. ते खणायचे, गावात कुणी तरी मरायचं, आणि ते शिव्या देत पुढचा खणायला घ्यायचे. म्हातारपणी त्यांचे दंड पैलवानासारखे झाले. निघालेले दगड रांगेनं मांडले, मेंढरं हाकलली, फाटकाला तेल घातलं. माळ सांभाळला तो त्यांनीच.

इंग्रज जायच्या सुमारास मामंजी गेले, तेही उन्हाळ्यातच. त्यांचा शेवटचा खड्डा नुकताच तंबाखूच्या वखारीतल्या एका बाईला गेला होता. माणसांनी जागोजाग पहारी मारून पाहिल्या, कातळ दाद देईना. दगड सैल झालेला होता तो एकाच ठिकाणी, पहिल्या खड्ड्याला लागून. तिथंच खणलं. मी अडवलं नाही.

दोघांच्या मधे वीतभर दगड राहिला आहे. तो कुणाचा, ते त्यांनी आपसात बघावं.