पुढच्या रांगेतली डावी जागा

डेल्बर्ट कोवाच बेअरिंगच्या कारखान्यातून निवृत्त झाला, तेव्हा स्वतःच्याच निरोपसमारंभाला गेला नाही. त्या दिवशी तो 'हेरन'वर होता. अमेरिकेतल्या एरी सरोवराच्या काठावरचा हा पोलादी रोलर कोस्टर उभा राहिला तेव्हा जगात सगळ्यांत उंच होता. पुढे कुणीतरी त्याहून उंच बांधला, पण आमच्या गावाने ती बातमी मनावर घेतली नाही. उद्घाटनाच्या पहिल्या गाडीत पुढच्या रांगेतली डावी जागा डेलला मिळाली होती. तेव्हापासून दर मे महिन्यात हंगामाची पहिली गाडी शौकिनांच्या क्लबची आणि ती जागा डेलची. एरवी आयुष्यात त्याला कुणी पुढे बसवलं नव्हतं.

त्याची बायको व्हर्ना त्यात कधीच बसली नाही. तिला उन्हाळ्यात व्हरमाँटला बहिणीकडे जायचं असे. डेल म्हणायचा, "हंगाम संपू दे." हंगाम संपेपर्यंत तिकडे बर्फ पडायला लागायचा.

गेल्या शरदात शेवटच्या फेरीला त्याच्या जागेवरच्या सुरक्षा पट्ट्याचं बक्कल लागेना. डेलने श्वास रोखला, तेव्हा कुठे लागलं. व्हर्नाने हे कठड्याबाहेरून पाहिलं. नियम साधा आहे : बक्कल लागलं तर बसा, नाहीतर उतरा. त्या हिवाळ्यात तिच्या स्वयंपाकघरात रोज साय घातलेलं चिकन पाप्रिकाश शिजलं, लोण्यातले नूडल्स झाले, अक्रोडाचे रोल भाजले गेले. मी शेजारी. एकदा विचारलंच. पीठ मळता मळता ती म्हणाली, "पट्टा कापायला माझा हात पोचत नाही. पोटापर्यंत पोचतो."

डेलला वाटलं, म्हातारपणी बायकोला प्रेम सुचलंय. तो चारचौघांत तसं सांगायचाही.

मे महिन्यात पहिली गाडी फलाटाला लागली. मी दुसऱ्या रांगेत होतो. डेल बसला. पट्टा ओढला. बक्कल वीतभर लांब राहिलं. कामावरची कॉलेजातली मुलगी खाली वाकली. "सर, जरा मागे टेका."

"टेकलोय."

"पोट घरी ठेवून यायचं ना रे!" क्लबचा अध्यक्ष मर्विन शेजारच्या जागेवरून म्हणाला. मागे कुणीतरी ओरडलं, "श्वास घे, डेल!" मग सगळी गाडीच तालावर ओरडू लागली. डेलने श्वास आत ओढला. चेहरा जांभळा झाला. मुलीने गुडघा टेकून पट्टा ओढला, मग सोडून दिला.

"सॉरी, सर. उतरावं लागेल."

तो उतरला. टाळ्या पडल्या.

पहिल्या गाडीची पुढची रांग रिकामी जाऊ द्यायची नाही, हा क्लबचा दंडक. मर्विनने कठड्याकडे पाहिलं. "व्हर्ना, ये गं. नवऱ्याची जागा आहे."

तिने पर्स डेलच्या हातात दिली आणि बसली. बक्कल पहिल्याच झटक्यात लागलं.

साखळी खडखडत आम्हाला वर ओढू लागली. झाडं गेली, छपरं गेली, मग नुसतं सरोवर उरलं, करड्या पत्र्यासारखं. माथ्यावर खडखड थांबते. क्षणभर काहीच होत नाही. मग पोट वर राहतं आणि उरलेला माणूस खाली पडतो. डोळ्यांतलं पाणी कानांकडे वाहतं, किंकाळी तोंडातून निघते ती मागच्या रांगेला ऐकू येते. व्हर्ना किंचाळली नाही. दोन्ही हात वर करून ती हसली. इतक्या वर्षांच्या शेजारात ते हसू मी ऐकलं नव्हतं.

गाडी परत आली. पुढच्या रांगेला दुसरी फेरी मिळते. डेल कठड्याशी पर्स छातीशी धरून उभा होता.

"चल व्हर्ना," तो म्हणाला, "व्हरमाँटला जाऊ. उद्याच निघू. पूर्ण उन्हाळा राहू."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग वळून त्या मुलीला म्हणाली, "पोरी, हा पट्टा फार सैल आहे. अजून आवळता येतो का बघ."