चेंडूच्या कपाटाची किल्ली

वॉटी लॉकहेडचं चुकलं की आमचं, ते मला अजून कळलेलं नाही. कळलं असतं तर हे सांगत बसलो नसतो.

स्कॉटलंडमधल्या आमच्या खाणीच्या गावात तो डाव्या बाजूला खेळायचा. पुढे बुडापेस्टला गेला, तिथल्या खेळाडूंना शिकवायला. आम्ही पोट धरून हसलो. फुटबॉल काय शिकवायचा असतो? पायात असतो, नाहीतर नसतो.

अकरा वर्षांनी, १९२२ साली, तो आईसाठी परत आला. म्हातारी एल्स्पेथ अंथरुणाला खिळली होती. गावात काम मिळालं तर तो राहणार होता, पण छातीच्या दुखण्यामुळे खाणीत उतरणं शक्य नव्हतं. आमच्या क्लबाने त्याला पोरांना शिकवायला महिनाभर ठेवून बघायचं ठरवलं.

चेंडूच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. आमची रीत अशी की आठवडाभर पोरांनी नुसतं धावायचं, चेंडू फक्त शनिवारी, सामन्याला. उपाशी माणूस कसा ताटावर तुटून पडतो, तसं.

सोमवारी वॉटी म्हणाला, "हेक्टर, किल्ली दे."

"शनिवारी."

"अरे, सुताराला करवत काय शनिवारीच देतोस?"

"तुझं शहाणपण तिकडे ठेव. इथे बापजाद्यांपासून असंच चालतं."

तो रोज मागायचा, मी रोज नाही म्हणायचो. चारही सामने हरलो. कमिटीने ठरवलं, याला काही येत नाही, काढा. मीही हात वर केला. का केला? देवाशपथ, ठाऊक नाही. लहानपणापासूनचा मित्र माझा.

वॉटी पोटासाठी परत बुडापेस्टला गेला. मार्चमध्ये एल्स्पेथ गेली. शेवटपर्यंत मला विचारायची, "वॉटी सामन्याहून आला का रे?" मी म्हणायचो, "येईल."

सहा वर्षांनी त्याचा संघ ग्लासगोला आला. मी बघायला गेलो. चेंडू जमिनीवरून, या पायातून त्या पायात. अहो, हा तर आमच्या गल्लीतला खेळ, आम्हीच विसरलेला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काय खोटं? आमच्या लोकांवर तीन गोल झाले. टाळ्या वाजवू की शिव्या घालू, मला काही सुचेना.

सामना संपल्यावर तो भेटला. मी खिशातली किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि परत माझ्या खिशात टाकली.

"राहू दे, हेक्टर. आईला कुठे पुरलंय, तेवढं दाखव."