शेळीचे घुंगरू

१६ मे १९७४, गुरुवार, सकाळचे आठ. चिंचवडला आमच्या कंपनीच्या अतिथिगृहात छतातून थंड हवा नेणारी पत्र्याची डक्ट साफ करण्यास थेरगावचा एक गृहस्थ आला. सोबत आणलेली शेळी त्याने फाटकाशी बांधली आणि तिचे घुंगरू लांब काठीच्या कुंच्याला. कुंचा कुठवर पोहोचला, हे तो पत्र्याला कान लावून ऐके आणि खुशीत मान डोलावी.

दुपारी कुंचा काठीवरून निखळून आतच राहिला. सायंकाळी पाहुणे यायचे होते.

"छत फोडावे लागेल," मी म्हणालो.

"छताचं राहू द्या, राव! घुंगरू गेलं तर बायकू घरात घ्यायची न्हाई. थंड हवेचा पंखा लावा."

डक्टमध्ये वारा सुटताच जेवणघराच्या छतात घुंगरू वाजले. तेथली जाळी काढून त्याने कुंचा ओढून काढला आणि हसला. मीही हसलो, एरवी मी सहसा हसत नाही.

जाताना त्याने घुंगरू नळाखाली धुतले आणि शेळीच्या गळ्यात बांधले.