वण असलेली बाई हवी होती

देवीच्या देवळावरून जाताना पुष्कळ वर्षं मी मान वळवून जात असे. हात जोडायचे तर सोडाच, तिच्याकडे बघायचंही मला नको होतं. त्या काळी पनवेलमध्ये अंगावर फोड उठून माणूस तापानं फणफणला की त्याला आजार झाला असं कोणी म्हणत नसे, देवी आली म्हणत. आमच्याकडे ती आली आणि माझी धाकटी बहीण कुसुम हिला घेऊन गेली, माझा डावा डोळा घेऊन गेली आणि माझ्या तोंडभर वण ठेवून गेली. एवढं करून वर तिचीच खणानारळानं ओटी भरायची, हे काही मला जमेना. आई एकटीच देवळात जाई आणि मी ओटीवर बसून तांदूळ निवडी.

मी तेव्हा विशीची होते. सातवीची फायनल पास झाले होते आणि उन्हाळ्याची सुट्टी संपली की मुलींच्या शाळेत शिकवायला जायचं ठरलं होतं. आमच्या आळीतून नोकरी करणारी मी पहिलीच मुलगी होणार होते आणि त्याचा मला थोडा ताठाही होता. मग दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले, घरातली फोडणी बंद झाली आणि आम्हा दोघी बहिणींना केळीच्या पानांवर निजवलं. आई आम्हाला नावानं हाक मारीनाशी झाली. अंगात देवी आहे म्हणून "माते" म्हणायची. माझे डोळे पुवानं चिकटले, तेव्हा ओल्या फडक्यानं पुसू का, असं वडिलांनी विचारलेलं मला आठवतं. आई म्हणाली, "नको. देवी डोळ्यांत बसली आहे, तिला हात लावायचा नाही. ती आपणहून उठेल." ती उठली तेव्हा डाव्या डोळ्यात फूल पडून त्याची नजर गेली होती. पुढे दवाखान्यातले डॉक्टर वडिलांना म्हणाले की उकळून गार केलेल्या पाण्यानं पहिल्यापासून डोळे धूत राहिला असतात, तर बहुधा डोळा वाचला असता. वडिलांनी हे मला सांगितलं, आईला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. तिच्या भक्तीत काही खोट नव्हती, हीच तर पंचाईत होती.

शाळेच्या मोठ्या बाई तशा भल्या होत्या. त्यांनी मला घरी बोलावून चहा दिला आणि म्हणाल्या, "मुली लहान आहेत गं. घाबरतील." बोलताना सगळा वेळ त्या माझ्या खांद्यापलीकडे भिंतीकडे बघत होत्या. लग्नाची बोलणी चालली होती त्या घरून पुन्हा निरोप आला नाही. आरसा आईनं उचलून ट्रंकेत ठेवला. लोक वाईट वागले असं मी म्हणणार नाही. पण मी आले की बोलणं थांबायचं, आणि लेकुरवाळ्या बायका पोरांची तोंडं पदराआड घ्यायच्या. घराबाहेर पडताना मी पदर डोक्यावरून ओढून दातांत धरायला शिकले. कुसुम गेली आणि मी उरले, यात काहीतरी चूक झाली आहे असं मला दिवसरात्र वाटे. तिचा गळा गोड होता. तिला जगायची हौस होती.

अशाच एका रखरखीत दुपारी मी कळशी घेऊन तळ्यावर गेले. आईला पाणी आणते म्हणून सांगितलं होतं. कळशी मी वरच्याच पायरीवर ठेवली. जास्त लिहीत नाही, पण त्या पायऱ्या मी परत चढण्यासाठी उतरत नव्हते. आता कोणापासून लपायचं, म्हणून तोंडावरचा पदरही मी मागे टाकला होता.

खालच्या पायरीवर एक कोळीण रिकामी पाटी शेजारी ठेवून पाय धूत होती. करंजाहून आलेली सुकी मासळी बाजारात विकणाऱ्या कोळणी असत, त्यांपैकी ती असावी. तिनं वर बघितलं. मला पाहून माणसं काय करतात ते मला पाठ होतं. ही मात्र उभी राहिली, तशीच ओल्या पायांनी दोन पायऱ्या वर आली, आणि तिचं तोंड अक्षरशः उजळलं. "बाय, तुला देवी येऊन गेली नं?" ती म्हणाली. "माजे घरान देवी हाय. सून पडली हाय, तिचा पोर पन पडलाय. कोन उंबऱ्यात येत नाय. सकालपासून बाजारान वण असलेली बाई बगते, कोन मिलत नाय." आणि माझे दोन्ही हात धरून ती रडायला लागली. "तुजे तोंडावर वण हायत. आईनंच धाडली तुला."

तिचं म्हणणं मला कळलं. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला ती पुन्हा येत नाही, म्हणून रोग्यापाशी बसायला वण असलेली बाई शोधायची, अशी आपल्याकडे रीत होती. माझ्या आईनंही आमच्यासाठी शोधली होती, मिळाली नव्हती. माझे वण बघून आनंद झालेलं हे पहिलं माणूस. मी कशाला आले होते हे तिला सांगायचं होतं, पण तिनं वेळच दिला नाही. पाटी डोक्यावर घेऊन ती चालायलाही लागली, आणि मी तिच्या मागोमाग पायऱ्या चढले. वाटेतल्या एका पोराकरवी तिनं आमच्या घरी निरोप धाडला.

खाडीकाठी तिची झोपडी होती. दारात तिनं माझे पाय धुतले, हळदकुंकू लावलं आणि पायांवर डोकं ठेवलं. जिला मी शिव्या घालत होते तिच्या नावानं माझी पूजा चालली होती. आत सून हिरा केळीच्या पानावर होती, वीसेक वर्षांची, अंगावर तीळ ठेवायला जागा नव्हती. शेजारी तिचा तान्हा. त्याचा श्वास नुसता खरखरत होता, आणि दिवस मावळायच्या आत तो थांबला. सासूनं त्याला फडक्यात गुंडाळून बाहेर नेलं. हिराला काही कळलं नाही, कारण तिचे दोन्ही डोळे चिकटून बंद झाले होते.

मी पाणी उकळायला सांगितलं. डोळे धुवायचे म्हटल्यावर सासू मागे सरली. "नाय बाय, डोल्यांन आई बसली हाय. हात नाय लावायचा." शब्द शब्द माझ्या आईचा. मी डॉक्टरांचं नाव घेतलं असतं तर तिनं मला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. मी उभी राहिले, आणि माझ्या तोंडून निघालं, "मीच सांगते आहे. माझे डोळे धू." सासूला ते देवीचेच बोल वाटले; तिनं वाकून हात जोडले आणि पाणी आणलं. पुढे हिराच्या खपल्या धरेपर्यंत मी तिथंच होते. कापसाच्या बोळ्यानं डोळे धुवायचे, थोड्या वेळानं पुन्हा धुवायचे, कडुनिंबाच्या पाल्यानं अंग खाजवू द्यायचं, ओठांत पेज सोडायची. मी त्यांच्या घरचं पाणी प्याले, त्यांचा भात जेवले. आमच्या आळीत त्याची बरीच चर्चा झाली म्हणतात, पण माझ्याबद्दल काहीतरी नवीन बोलत होते हेही नसे थोडके.

हिराचे डोळे उघडले. दोन्ही शाबूत होते. तिनं मला पाहिलं, मग शेजारची रिकामी जागा पाहिली. "माजा पोर कुटं हाय?" सासूनं पदर तोंडाला लावला, तेव्हा तिला समजलं. ती माझ्यावर ओरडली, "मंग मला कशाला ठेवली?" हाच प्रश्न मी वर्षभर देवीला विचारत होते. मी तिच्या उशाशी बसून राहिले, आणि ती रडून थकली तेव्हा पुन्हा तिचे डोळे धुतले.

त्यानंतर वण असलेली बाई म्हणून मला लांबलांबून बोलावणी येऊ लागली. पुष्कळ माणसं माझ्या हातात गेली; सगळी वाचली असं लिहिलं तर ते खोटं होईल. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला लस टोचणाऱ्या माणसाबरोबर पाठवायला सुरुवात केली, कारण तो आला की बायका दारं लावून घ्यायच्या. पुढे मीच टोचायला शिकले आणि सरकारी नोकरीत कायम झाले. विचुंब्यापासून उलव्यापर्यंत गावोगाव चिखल तुडवीत हिंडले. दारात उभी राहून मी फक्त तोंडावरचा पदर बाजूला करी. जे तोंड बघून शाळेतल्या मुली घाबरल्या असत्या, ते बघून आया पोरांना पुढे करीत. एकदा कोळीवाड्यात कोणीच पुढे येईना. तेव्हा गर्दीतून हिरा आली. तोंडभर माझ्यासारखेच वण, आणि कडेवर नवीन पोर. तिनं पोराचा दंड उघडा करून माझ्यासमोर धरला, आणि तिच्यामागे रांग लागली. रात्री घरी येऊन मी आईला म्हटलं, उद्या तुझ्याबरोबर देवळात येते. आईनं उठून नैवेद्याला दही विरजलं.

त्या झोपडीत मी देवीचं नाव घेऊन खोटं बोलले, असं मला बरेच दिवस वाटे. आता तसं वाटत नाही. ते शब्द मी जुळवले नव्हते. कुसुमचं काय, हे मला आजही कळत नाही आणि मी देवीला विचारायचंही सोडून दिलं आहे. देवळात गेले की मी थंड दहीभात ठेवते आणि नुसती उभी राहते. त्या दुपारी माझा जीव मला नको झाला होता म्हणून मी तो तळ्यावर टाकायला नेला होता. खालच्या पायरीवर देवीच कोळीण होऊन तो घ्यायला बसली होती. तेव्हापासून तो तिच्याकडेच आहे, मी फक्त वापरते.