किल्ली एकच

चौथीनंतर शाळा सुटली, गाणं सुटलं नाही. गंगापूरकडं उसात खुरपताना गायचे, पुढं जयंतीच्या मंचावर भीमगीतं गायला लागले. नवरा गेला, मुलगा पुण्याला गेला, मी शहरात, गारखेड्यात दोन खोल्यांत राहिले. मग शेजारणीच्या सुनेनं माझं गाणं मोबाईलवर टाकलं आणि रस्त्यानं लोक ओळखायला लागले. भाजीवाला कोथिंबीर जास्त टाकायचा. एवढीच काय ती प्रसिद्धी.

गाणं संपलं की मी समोरच्यांना म्हणायचे, "लेकरांनो, या कधी घरी चहाला." सगळेच म्हणतात असं. येत कोणी नाही. एक जण आला.

चाळिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट. पाया पडला. म्हणाला, आई लहानपणीच वारली, तुमचा आवाज ऐकला आणि आई सापडली. मी चहा ठेवला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. त्या आठवड्यात माझ्या दारात दुसरं कोणी आलं नव्हतं.

मग तो रोज यायला लागला. कार्यक्रम कुठंही असो, पहिल्या रांगेत हाच. मी दुसऱ्या कुणाला लेकरा म्हटलं की तोंड फिरवायचा. एका बाईनं माझ्यासोबत फोटो काढला, तर यानं तिचा हात माझ्या खांद्यावरून उचलून बाजूला केला. त्या दिवशी मी त्याला सांगितलं, आता येत जाऊ नको. तो घरात येईनासा झाला, पण सकाळपासून समोरच्या टपरीवर बसायला लागला. मी दवाखान्यात गेले, दळण टाकायला गेले, की मागं मागं. मुलाला फोन केला. तो म्हणाला, तुझं गाणं आवडत असेल त्याला, तू उगीच मनावर घेतेस.

माझी जादा किल्ली शेजारणीकडं असायची. एकट्या म्हातारीला ती कुणाकडं तरी ठेवावीच लागते.

एकदा दुपारी क्रांती चौकातला कार्यक्रम करून परत आले, तर दार उघडं. आत तो. गॅसवर भात शिजत होता. माझी लुगडी घडी करून पिशवीत भरलेली.

"आई, चल. तिकडं खोली तयार हाय. आता गाणं फक्त माझ्यापुरतं म्हणायचं."

मी चप्पलही काढली नाही. उंबऱ्यावरूनच मागं फिरले, शेजारणीच्या घरात शिरले आणि आतून कडी लावली.

शेजारीण सांगायला लागली. "मावशी, मुलगा हाय म्हणाला. तुमची औषधं न्यायचीत म्हणाला. म्हणून दिली किल्ली."

तिची काय चूक? त्याला आई आई करताना तिनं रोज ऐकलं होतं. माझा खरा मुलगा तिनं कधी पाहिलाच नव्हता.

तिथूनच फोन लावला, पोलीस आले, तोवर तो माझ्या घरातच होता. साहेब तरुण होता. त्याला गंमत वाटत होती. "आजी, भात लावतो, पाया पडतो. लोकांना पोटचा असा मिळत नाय. तक्रार काय लिहू?"

"घर माझं हाय आणि मी याला बोलावलं नव्हतं. एवढंच लिहा."

लिहिलं. त्याला नेलं, दम दिला, सोडलं. तो आता टपरीवर दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मी धरत नाही.

गाणं सोडलं नाही. चहाला या म्हणणं सोडलं. कुलूप बदललं, किल्ली एकच ठेवली, गळ्यातल्या दोऱ्यात. शेजारीण विचारते, मावशी, आत पडलात-झडलात तर आम्ही काय करायचं?

मी म्हणते, दार फोडा.