वाल्डीच्या तोंडाचा फेस

गयाबाईंना वास येत नसे. फुलांचा नाही, फोडणीचा नाही, उतू जाऊन करपलेल्या दुधाचाही नाही. पुण्यात साथीच्या रोगांच्या दवाखान्यात एकोणतीस वर्षं आयाचं काम केलं, आणि फिनेलनं लाद्या पुसता पुसता नाक कधी कामातून गेलं ते त्यांनाही नेमकं सांगता आलं नसतं. रिटायर झाल्यापासून त्या दरवर्षी तीन महिने मुलाकडे, जर्मनीत बोब्लिंगेनला यायच्या. यशपाल मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, सून प्राची सॉफ्टवेअरमध्ये, नात धम्मदीपा सात वर्षांची. नाकाचं यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. प्राचीनं आतून विचारलं, "अहो आई, दूध नासलंय का बघता?" की गयाबाई एक थेंब जिभेवर ठेवायच्या आणि ठसक्यात निकाल द्यायच्या.

त्या बिल्डिंगमध्ये जिना झाडायची पाळी असे. ज्याचा आठवडा, त्याच्या दाराला एक लाकडी पाटी अडकवलेली. 'केअरवोख' म्हणतात या पाळीला. डॉक्टर असो, इंजिनिअर असो, पाटी आली की फडकं घेऊन खाली वाकायचं. गयाबाईंना हे फार आवडलं होतं. इथं झाडणाऱ्याची जात नसते, नुसता आठवडा असतो, असं त्या पुण्याच्या बहिणीला फोनवर सांगायच्या. आणि झाडायच्याही अशा की खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हेबर्ले, ज्या कोपऱ्याकोपऱ्यात बोट फिरवून धूळ बघत, त्यांनी एकदा बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि गयाबाईंचा हात हातात घेतला. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती. मैत्री मात्र तिथून जमली.

या फ्राऊ हेबर्लेंचा कुत्रा म्हणजे वाल्डी. लांबुळका, आखूड पायांचा, आणि खोड्यांच्या बाबतीत आख्ख्या बिल्डिंगला पुरून उरलेला. केअरवोखची पाटी पळवून त्यानं दोनदा तिचा चावून चोथा केला होता. २००९ च्या ऑक्टोबरात फ्राऊ हेबर्ले खुब्याच्या ऑपरेशनला गेल्या तेव्हा दहा दिवसांसाठी तो गयाबाईंच्या गळ्यात पडला. गळ्यात पडला म्हणजे काय, त्यांनीच मागून घेतला. प्राची तयार नव्हती.

"आल्झो... तर आई, स्पष्टच सांगते," ती म्हणाली. "दीपाला एकदा जरी दात लागला तरी तो दुसऱ्या दिवशी टीअरहाइममध्ये जाईल. तिथं ठेवतात कुत्र्यांना."

"लागत नाही गं," गयाबाई म्हणाल्या.

सोमवारी लागला. पोळीच्या तुकड्यावरून दोघांची ओढाताण चालली होती, आणि वाल्डीचा दात धम्मदीपाच्या अंगठ्यात गेला. रक्ताचा एक थेंब आला. अशी जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची असते, हे गयाबाईंइतकं कुणाला ठाऊक होतं? पण मिनिटभर धुतात न धुतात तोच कुलपात किल्ली फिरली. त्यांनी घाईघाईनं पट्टी लावली आणि नातीच्या कानात म्हणाल्या, "आईला नको सांगू हं." धम्मदीपाला मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये यायचं. "गेनाऊ," म्हणजे 'बरोबर', ती म्हणाली, आणि दारात पडल्याचं आईला सांगून मोकळी झाली.

गुरुवारी दुपारी गयाबाई वाल्डीला घेऊन रानाच्या कडेच्या ओढ्यावर गेल्या. हवा थंड होती, पानं पिवळी पडून खाली आली होती. झुडपात काहीतरी हललं आणि वाल्डीनं दोरीला असा हिसका दिला की ती हातातून सुटली. आत झटापट झाली, कुणीतरी फिस्कारलं, वाल्डी किंचाळला. मग तो बाहेर आला.

डोळे लालभडक, अर्धे मिटलेले. तोंडातून फेस गळतोय. तो चार पावलं झिंगल्यासारखा चालला, पडला, तोंड गवतात घासायला लागला, उठला, परत पडला. गयाबाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्याच्यापुढे धरली. पाणी बघताच वाल्डी मागं मागं सरकला आणि अंग चोरून थरथर कापायला लागला.

गयाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हे सगळं त्यांनी बघितलेलं होतं. फेस, लाल डोळे, पाण्याची भीती. कुत्र्यात नाही, माणसात.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास वॉर्डात आठ वर्षांची एक मुलगी आणली होती, भोरकडची. पाण्याचा पेला जवळ आला की तिचा गळा आवळायचा. तिसऱ्या दिवशी गेली. कुत्रं चावल्याचं तिच्या आईनं घरात लपवलं होतं, जखमेवर चुना-हळद भरून. गयाबाईंनी त्या बाईला वॉर्डाच्या दारातच झाडलं होतं. "आई आहेस का वैरीण? सांगायला काय झालं होतं?" ती बाई एवढंच म्हणाली होती, "भ्या वाटलं." आणि गयाबाई इतकी वर्षं ज्याला त्याला ही गोष्ट सांगत आल्या होत्या. वैरीण होती ती, असं म्हणूनच सांगत आल्या होत्या.

आता त्यांनी वाल्डीकडे पाहिलं. कुत्र्याला इथंच सोडावं तर तो आणखी कुणाला चावेल. त्यांनी कोट काढून डाव्या हाताला गुंडाळला, दोरीचं टोक लांबून पकडलं आणि चालायला लागल्या. समोरून सायकलवाला आला, त्यानं मफलर नाकापर्यंत ओढला आणि वळणाआधीच वळला. बाबागाडी घेतलेली बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेली. एक म्हातारा मागं वळून हातवारे करत काहीतरी ओरडला. यांना कळलंय, गयाबाईंच्या मनात आलं. सगळ्यांना दिसतंय कुत्रं पिसाळलंय. मलाच सोमवारी कशी अक्कल आली नाही? पिसाळायच्या आधीच लाळेत विष येतं, हे मी दुसऱ्यांना शिकवत होते.

बिल्डिंगचं तळघर म्हणजे लाकडी फळ्यांचे पिंजरे, प्रत्येक घराला एक. यशपालच्या पिंजऱ्यात हिवाळ्याची टायरं होती. वाल्डीला त्यांनी आत ढकललं, कुलूप लावलं. तो फटीतून नाक काढून कुंई कुंई करायला लागला, आणि गयाबाईंना रडूच कोसळलं, कारण तो त्यांच्याकडेच बघत होता. तळघरात मोबाइलला रेंज नव्हती. त्या वर आल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत साबणानं घासले. पंधरा मिनिटं घासले. वर रेंज होती, पण प्राचीला फोन लावायला मन धजेना.

साडेचारला धम्मदीपा शाळेतून आली. दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, एक हात गळ्याशी गेला.

"काय होतंय? घशात होतंय का काही?" गयाबाईंनी विचारलं. जवळ जायची हिंमत होईना, लांब राहवेना.

"नाइन, आजी," असं जर्मनमध्ये नाही म्हणून ती मागं सरकली आणि तिला उबळ आली.

गयाबाईंनी पेला भरला. घाईत अर्धं पाणी जमिनीवर सांडलं. "पी गं राणी. एकच घोट. आजीसाठी पी."

धम्मदीपानं पेला तोंडाशी नेला, आणि तिला पुन्हा जोरात उबळ आली. पेला तिनं दूर लोटला.

तीन दिवसांत असं होत नसतं. भोरच्या मुलीला महिना लागला होता. हे गयाबाईंना पाठ होतं, पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस, त्याला कुठले दिवस मोजता येतात? त्या भिंतीला धरून खाली बसल्या. क्षणभर मनात आलं, अजूनही कुणाला ठाऊक नाही. पोर सांगणार नाही. कदाचित काही नसेलच. या विचाराचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली. त्यांनी फोनवरचं दोन नंबरचं बटण दाबलं.

"प्राची, लगेच ये. सोमवारी वाल्डी दीपाला चावला. मी तुला सांगितलं नाही. कुत्रं पिसाळलंय. दीपा पाणी पीत नाहीये."

प्राची एवढंच म्हणाली, "मी निघाले," आणि फोन बंद झाला.

पंचवीस मिनिटं लागली तिला. तेवढा वेळ आजी स्वयंपाकघराच्या दारात आणि नात गॅलरीत, उघड्या हवेत, अशा दोघी बसून होत्या. गयाबाई बुद्धवंदना म्हणू लागल्या, पण शब्द मधेच तुटत होते. जिन्यात प्राचीची धावती पावलं ऐकू आली, आणि मग ती मधेच थांबली. ओढणी नाकाला लावूनच ती आत आली.

"अहो आई, हा वास कसला?"

"कसला वास?"

प्राचीनं त्यांच्याकडे पाहिलं. गॅलरीत गेली, दीपाला कवेत घेतलं, अंगठा बघितला, कपाळाला हात लावला, बाटली पुढे केली. तिथल्या मोकळ्या हवेत दीपानं बाटली गटागटा संपवली. मग प्राची तळघरात जाऊन आली, आणि फ्राऊ हेबर्लेंनी दिलेल्या पिशवीतून वाल्डीच्या लसींचं निळं पुस्तक काढून तिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. बराच वेळ "या, या", म्हणजे हो हो, करत ऐकत होती. फोन ठेवून ती गयाबाईंच्या समोर जमिनीवर बसली.

"इल्टिस म्हणून एक प्राणी असतो इथं, साधारण मुंगसाएवढा. त्याला डिवचलं की तो घाण वासाचं पाणी सोडतो. ते वाल्डीच्या डोळ्यातोंडात गेलंय, म्हणून फेस आणि म्हणून ते लोळणं. डोळे जळत असताना तोंडापुढे बाटली धरली तर तो घाबरणारच. दीपाला त्या वासानं मळमळलं. पिसाळण्याच्या रोगाची लस त्याला एप्रिलमध्येच दिलीय, हा शिक्का. आणि तो रोग इथल्या रानात गेली काही वर्षं दिसलेलाच नाही म्हणे. तरी उद्या दीपाला डॉक्टरांना दाखवू." ती थांबली. "आई, सगळा जिना घाण मारतोय. तुम्हाला खरंच वास आला नाही?"

गयाबाईंनी मान हलवली.

"कधीपासून?"

"नोकरीत होते तेव्हापासून."

"आणि दूध बघून सांगता ते?"

"चाखून."

प्राचीला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली. गयाबाईंना मात्र हसू आलं नाही.

वाल्डीला धुवायचं काम साहजिकच गयाबाईंकडे आलं. यशपालनं येताना औषधाच्या दुकानातून पेरॉक्साइड आणलं, प्राचीनं त्यात खायचा सोडा आणि भांड्यांचा साबण मिसळला, आणि कपडे धुवायच्या खोलीच्या दारात नाक बांधून उभी राहिली. गयाबाई पालथ्या बादलीवर बसल्या. डोळ्यांत जाऊ न देता, कानामागे, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत, वॉर्डात माणसं धुतली तशी त्यांनी त्याला धुतलं. वाल्डीनं एकदा अंग झटकून सगळा फेस त्यांच्या तोंडावर उडवला आणि साबणाचं फडकं पळवायचा प्रयत्न केला.

"आई," प्राची दारातून म्हणाली, "रागावले नसते असं नाही म्हणत मी. पण सांगायला काय झालं होतं?"

गयाबाईंचा हात थांबला. हेच शब्द होते. वॉर्डाच्या दारात त्यांनी स्वतः उच्चारलेले, याच क्रमानं.

"भीती वाटली," त्या म्हणाल्या. "दीपाला माझ्याजवळ ठेवणार नाहीस, असं वाटलं."

प्राची आत आली, नाकावरची ओढणी सोडून तिनं तांब्या उचलला आणि वाल्डीच्या पाठीवर पाणी घालायला लागली.

"आमच्या वॉर्डात एक बाई आली होती," गयाबाई म्हणाल्या. "भोरकडची."

"ती वैरीण ना? कितीदा सांगितलीय तुम्ही ती गोष्ट. नाव काय होतं तिचं?"

गयाबाई वाल्डीचा कान चोळत राहिल्या.

"मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या.